पंधराशे व्हीआयची लॅबव्ह्यू प्रणाली वारशाने मिळाली आहे. सुरुवात कुठून करावी?

रबाळे_लोकल:

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतील एका छोट्या कंपनीत मी चाचणी-यंत्रणांचे काम पाहतो. गेल्या महिन्यात एक जुनी प्रणाली देखभालीसाठी आमच्याकडे आली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

प्रणाली औद्योगिक पंपांच्या टेस्ट रिगची आहे. एका वेळी सहा पंप चालतात आणि प्रत्येकाचा दाब, प्रवाह, तापमान व कंपन यांची अखंड नोंद होते. आजवर प्रत्येक चाचणी १००० तासांची असे. नव्या ग्राहकाला मात्र २००० तास हवे आहेत, आणि चाचणी मधेच थांबली तर तास पुन्हा शून्यापासून मोजायचे अशी अट आहे. नियंत्रणाचा सगळा भार लॅबव्ह्यू या, चौकोन वायरींनी जोडून प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेवर आहे: पडदा, नोंदी आणि अहवाल विंडोजच्या संगणकावर, तर व्हॉल्व्ह व ड्राइव्ह यांचे नियंत्रण कॉम्पॅक्ट रिओ या औद्योगिक नियंत्रकावर.

प्रोजेक्ट उघडल्यावर सुमारे १५०० व्हीआय (लॅबव्ह्यूतील एकेक छोटा प्रोग्राम) मोजले. मुख्य व्हीआयचा ब्लॉक डायग्राम (वायरींनी जोडलेली प्रोग्रामची आकृती) उजवीकडे सरकवत सरकवत माझा चहा गार झाला. त्यात एकावर एक रचलेल्या २३ चौकटींची स्टॅक्ड सीक्वेन्स आहे आणि ग्लोबल व्हेरिएबल्स (कुठूनही वाचता-लिहिता येणारी सामाईक मूल्ये) १४० च्या आसपास आहेत. ‘नवीन’, ‘नवीन_अंतिम’ आणि ‘नवीन_अंतिम_खरे’ असे तीन फोल्डर आहेत. ज्या दोघांनी हे लिहिले ते दोघेही आता परदेशात असतात.

पुन्हा पहिल्यापासून लिहावे की आहे ते सुधारावे? आम्ही तिघे जण एकाच वेळी यावर काम कसे करू शकू? आणि एखादा बदल केल्यावर दुसरे काही बिघडलेले नाही, हे ग्राहकाला कशाच्या आधारावर सांगावे?

वागळे_इस्टेट:

पुन्हा लिहिण्याचा मोह आधी आवरा. जी प्रणाली आज चालते आहे, तिच्या पोटात अनुभवाने शिकलेल्या शेकडो बारीकसारीक गोष्टी आहेत आणि त्या डायग्रामखेरीज कुठेही लिहिलेल्या नाहीत. अमुक व्हॉल्व्ह उघडल्यावर ४०० मिलिसेकंद थांबायचे, हे कोणीतरी एकदा पाइप फुटल्यावर शिकलेले असते. तुम्ही नव्याने लिहाल तेव्हा तो पाइप पुन्हा फुटेल.

लॅबव्ह्यूविषयी बोलताना लोक वायरींच्या गुंत्याला नावे ठेवतात. वीसेक वर्षे हेच काम केल्यानंतर माझे मत थोडे वेगळे झाले आहे. वायर डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती कितीही गुंतली तरी धीराने सोडवता येते. मोठी प्रणाली बुडवतो तो वायरीतून न जाणारा डेटा. या भाषेचा मूळ नियम एवढाच आहे की एखाद्या नोडच्या (डायग्राममधील एका चौकोनाच्या) सगळ्या इनपुटवर डेटा पोहोचला की तो नोड चालतो; कोण आधी आणि कोण नंतर, हे वायरच ठरवते. लोकल व्हेरिएबल, ग्लोबल, प्रॉपर्टी नोड किंवा नावाने मिळवलेली क्यू (संदेशांची रांग) अशी वायरीवाचून डेटा नेणारी साधने वापरली की तुम्ही तो नियम बाजूला ठेवता, आणि डायग्रामवर जे दिसते ते व प्रत्यक्षात जे घडते ते यांची फारकत होते.

म्हणून तुमच्या १४० ग्लोबल्सचा एक तक्ता करा. प्रत्येकात लिहिते कोण आणि त्यातून वाचते कोण, एवढे दोनच रकाने पुरेत. ज्या ग्लोबलमध्ये एकच व्हीआय लिहितो आणि बाकीचे केवळ वाचतात, तो फारसा त्रास देत नाही. दोन लूप (पुन्हा पुन्हा चालणारे भाग) ज्यात लिहितात, तो टाइमबॉम्ब समजा. दोन्ही लूपनी ‘चूक-संख्या’ वाचली, प्रत्येकाने एक मिळवला आणि परत लिहिली, तर दोन चुका होऊनही आकडा एकानेच वाढतो. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात १९८५ ते १९८७ या काळात रुग्णांना बेसुमार मात्रा बसल्या, त्या अपघातांच्या मुळाशीही अशीच, एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधली शर्यत होती. ते काही लॅबव्ह्यू नव्हते, पण रोग तोच.

यावर अनेक जण फंक्शनल ग्लोबलचा, म्हणजे सामाईक मूल्य एका व्हीआयच्या आत ठेवण्याचा, उतारा सांगतात. तो उतारा तेव्हाच लागू पडतो, जेव्हा वाचणे, बदलणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे त्या व्हीआयच्या आत, एकाच कॉलमध्ये उरकतात. ज्याच्या आत केवळ ‘द्या’ आणि ‘घ्या’ अशा दोन केस आहेत, तो फंक्शनल ग्लोबल म्हणजे साध्या ग्लोबललाच सोवळे नेसवणे आहे.

पायथनवाला:

मतभेद नोंदवतो. लॅबव्ह्यू बनवणाऱ्या कंपनीने मोठा गाजावाजा करून २०१७ मध्ये आणलेली एनएक्सजी ही नवी आवृत्ती पुढे गुंडाळून टाकली, आणि २०२३ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनीच एमर्सनच्या ताब्यात गेली. ज्या भाषेची फाइल बायनरी आहे आणि जी एकाच विक्रेत्याच्या एडिटरमध्ये उघडते, तिच्यावर पुढची पंधरा वर्षे काढणे मला धोक्याचे वाटते. पायथनमध्ये लिहा, माणसेही सहज मिळतील.

घणसोलीकर:

विक्रेत्यावर अवलंबून राहण्याचा धोका खरा आहे आणि तो कोणी नाकारू नये. परंतु रबाळेकरांकडे कॉम्पॅक्ट रिओ आहे. त्यातील एफपीजीए (ज्याचे सर्किट प्रोग्रामने आखता येते अशी चिप) आणि रिअल टाइमचा (ठरल्या वेळेत काम उरकणारा) भाग पायथनमध्ये हलणार नाही, आणि नवा ग्राहक दाराशी उभा असताना हार्डवेअर बदलणे हा पर्यायच नाही. अहवाल आणि विश्लेषण यांचा भाग पुढेमागे पायथनमध्ये न्यावा, हे मात्र मला पटते. बाकी, मोठी आणि जोखमीची कामे या भाषेत होतात की नाही, ही शंका जुनी झाली. सर्न या युरोपीय संशोधन केंद्रातील लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणत्वरकाच्या कोलिमेटरांचे (कणांचा झोत आवळणाऱ्या अडथळ्यांचे) जबडे सरकवणाऱ्या मोटरींचे नियंत्रण पीएक्सआय हार्डवेअर आणि लॅबव्ह्यू रिअल टाइमवर उभे केलेले आहे.

तिघांनी मिळून काम करण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ग्राफिकल प्रोग्रामिंगमध्ये खरी कुचंबणा इथेच होते. मजकुराच्या भाषेत दोघांनी एकाच फाइलच्या वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर गिट (कोडमधील बदलांच्या नोंदी ठेवणारे साधन) त्या आपोआप जोडते. व्हीआयच्या बाबतीत ते शक्य नाही. गिटच्या दृष्टीने ती एक अखंड बायनरी फाइल आहे. लॅबव्ह्यूसोबत तुलना आणि मर्ज (दोन बदल एकत्र जोडणे) यांची स्वतंत्र साधने मिळतात आणि ती गिटला जोडताही येतात. तुलनेचे साधन उत्तम आहे आणि प्रत्येक रिव्ह्यूत वापरावे. मर्जच्या साधनावर मात्र मी कधीही विसंबत नाही. त्याऐवजी दोघांना एकच व्हीआय एकाच वेळी बदलण्याची वेळच येऊ नये, अशी कामाची वाटणी करावी, आणि सामाईक फाइलींसाठी लॉक वापरावे. सबव्हर्जन या गिटसारख्याच जुन्या साधनात ही सोय पूर्वीपासून होती, गिटमध्ये ती एलएफएस या पुरवणीच्या मार्गाने मिळते.

दुसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते आणि ती तुमचा निम्मा मनस्ताप वाचवील. जुन्या पद्धतीत व्हीआयच्या फाइलीतच कंपाइल झालेला (संगणकाला थेट चालवता येणारा) कोडही साठवला जातो. त्यामुळे तुम्ही एक टाइपडेफ (सामाईक डेटा-प्रकार) बदललात की तो वापरणारे दोनशे व्हीआय ‘बदलले’ असे दाखवतात, सगळ्यांच्या नावापुढे तारा उगवतो आणि खरा बदल त्या गर्दीत हरवतो. लॅबव्ह्यू २०१० पासून कंपाइल झालेला कोड मूळ फाइलीपासून वेगळा ठेवण्याचा पर्याय आहे. जुन्या प्रोजेक्टमध्ये तो आपणहून चालू करावा लागतो. एक दिवस सगळ्यांनी काम थांबवा, सर्व फाइलींवर हा पर्याय चालू करा, एकच मोठा कमिट (गिटमधील नोंद) करा आणि मगच पुढे जा.

तिसरी, आवृत्ती. तिघांच्या संगणकांवर नेमकी एकच आवृत्ती असावी. नव्या आवृत्तीत साठवलेला व्हीआय जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि कोणीतरी उत्साहाने अपडेट केले की बाकीचे दोघे सोमवारी सकाळी हात चोळत बसतात. मी प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन ठेवतो.

आणि ते ‘नवीन_अंतिम_खरे’ पाहून हसू आले, कारण आमच्याकडे ‘शेवटचे_देवाशपथ’ होते. ग्राहकाकडे बसवलेली एक्झी (चालवायची तयार फाइल) यांपैकी कोणत्या फोल्डरमधून बनली, हे तुम्ही तपासले आहे का?

रबाळे_लोकल:

आपल्या प्रश्नाने पोटात गोळा आला, म्हणून काल दिवसभर हेच तपासले. तिन्ही फोल्डरांमधून एक्झी बनवून पाहिल्या, आणि रिगवर चालणाऱ्या एक्झीशी तिघींपैकी एकही जुळत नाही. रिगवरच्या पडद्यावर ‘फिल्टर रीसेट’ असे एक बटण आहे आणि ते आमच्याकडच्या कोणत्याही डायग्राममध्ये नाही.

घणसोलीकर:

मग तुमचे पहिले काम ठरले. रिगवरील संगणकाच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून दोन ठिकाणी ठेवा. एक्झीमधून सहसा ब्लॉक डायग्राम परत मिळत नाहीत, कारण बिल्ड करताना, म्हणजे एक्झी बनवताना, ते काढून टाकले जातात. तरीही त्याच संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यात मूळ फोल्डर पडलेला असण्याची शक्यता असते. घाईच्या दिवशी रिगवरच दुरुस्ती करण्याची सवय आपल्याकडे कमी नाही.

यापुढे बिल्ड कोणाच्या वैयक्तिक संगणकावर होऊ देऊ नका. एक वेगळा संगणक ठेवा. त्याने गिटमधून कोड घ्यावा, बिल्ड करावे आणि कमिटचा क्रमांक एक्झीच्या पहिल्या पडद्यावर छापावा. ऑपरेटरने फोन केला की पहिला प्रश्न ‘कोपऱ्यात कोणता आकडा दिसतो?’ हाच असला पाहिजे.

कोलशेत_कंट्रोल:

मी लॅबव्ह्यूवर काम करत नाही. माझा प्रवास पीएलसीकडून (कारखान्यातील नियंत्रक) सिम्युलिंककडे (आकृत्यांनी मॉडेल बनवण्याचे साधन) झाला आहे. तरीही वागळेकरांचे निदान माझ्या जगाला तंतोतंत लागू पडते, म्हणून लिहिते. सिम्युलिंकमध्ये वायर लांब ओढायचा कंटाळा आला की लोक गोटू आणि फ्रॉम टॅग लावतात, म्हणजे वायरीऐवजी नावाने सिग्नल जोडतात. पहिल्या वर्षी मॉडेल नीटनेटके दिसते. तिसऱ्या वर्षी एक सिग्नल कुठून आला हे शोधायला अर्धा दिवस जातो. मोटार उद्योगाने यासाठी २००१ पासून लेखी शैलीनियम ठेवले आहेत. लॅबव्ह्यू वापरणाऱ्या संघांनीही असे दोन पानी नियम स्वतःसाठी लिहावेत आणि शक्य तेवढे नियम व्हीआय अॅनालायझर या साधनाकडून तपासून घ्यावेत, म्हणजे रिव्ह्यूचा वेळ आयकॉनच्या रंगावर वाद घालण्यात जाणार नाही.

एक फरकही सांगते, कारण पीएलसीकडून येणारी माणसे इथे हमखास फसतात. आयईसी ६११३१-३ या पीएलसीच्या भाषांच्या मानकातील फंक्शन ब्लॉक डायग्राम वरवर लॅबव्ह्यूसारखाच दिसतो, पण त्याच्या मागे स्कॅन सायकल असते. संपूर्ण डायग्राम ठरावीक क्रमाने एकदा चालतो, मग पुन्हा चालतो, आणि मागे फिरवलेल्या सिग्नलला गेल्या स्कॅनमधली किंमत मिळते. लॅबव्ह्यूमध्ये असे सार्वत्रिक घड्याळ नाही. शेजारी शेजारी काढलेले दोन लूप खरोखरच एकाच वेळी चालतात, आणि डावीकडचा आधी चालेल ही समजूत निराधार आहे.

रबाळे_लोकल:

धन्यवाद, ताई. मूळ फोल्डर सापडला. रिगच्या संगणकावर रीसायकल बिनमध्ये होता. त्याबद्दल अधिक न बोललेले बरे.

परवा मात्र एक प्रकार घडला आणि तो इथे मांडणे मला आवश्यक वाटते. प्रवाहमापकाची केबल सैल होऊन सिग्नल गेला. प्रणालीने चूक ओळखली, पडद्यावर लाल पट्टी आली आणि ‘सुरक्षित बंद’ नावाचा व्हीआय बोलावला गेला. पंप ड्राइव्हच्या स्वतःच्या संरक्षणामुळे थांबले, पण टाकीतील तेल तापवणारा हीटर चालूच राहिला. सुदैवाने टाकीवर यांत्रिक थर्मोस्टॅट आहे आणि त्याने हीटर तोडला, त्यामुळे नुकसान झाले नाही.

कारण शोधायला फक्त दहा मिनिटे लागली, आणि त्यानेच अंगावर काटा आला. ‘सुरक्षित बंद’ हा व्हीआय नेहमीच्या साच्यावर बनवलेला आहे. एरर वायर (चूक झाली की नाही हे पुढे सांगणारी वायर) आत येते, केस स्ट्रक्चरला (अटीनुसार वाट निवडणाऱ्या चौकटीला) जोडली जाते. चूक नसेल तर काम होते, आणि चूक असेल तर काहीही न करता वायर तशीच पुढे जाते. म्हणजे ज्या व्हीआयची गरज चूक झाल्यावरच लागणार, तोच चूक झाल्यावर स्वस्थ बसत होता. साध्या, चूक नसलेल्या बंदच्या वेळी तो उत्तम चालतो, त्यामुळे इतक्या वर्षांत कोणाच्याही लक्षात आले नाही.

वागळे_इस्टेट:

हा दोष मी आजवर किमान चार प्रणालींत पाहिला आहे, आणि त्यांतली एक माझी स्वतःची होती. एरर वायर ही लॅबव्ह्यूतील फार चांगली सवय आहे. म्हणूनच माणूस ती विचार न करता लावतो. माझा नियम असा आहे: मोजमाप करणारा व्हीआय चूक आल्यास काम टाळेल, मात्र बंद करणारा, सोडून देणारा, फाइल मिटवणारा आणि आउटपुट शून्यावर आणणारा प्रत्येक व्हीआय चूक असो वा नसो, आपले काम करीलच. आत आलेली चूक तो जपून ठेवील, स्वतःचे काम उरकील आणि शेवटी दोन्ही चुका मर्ज एररने एकत्र करून बाहेर देईल. अशा व्हीआयच्या आयकॉनवर आम्ही लाल पट्टा काढतो, म्हणजे डायग्रामवर नजर टाकताच तो ओळखू येतो.

बंद करण्याच्या क्रियांना एकामागून एक, एकाच एरर वायरवर ओवू नका. पहिल्या व्हॉल्व्हचा संपर्क तुटला म्हणून दुसरा व्हॉल्व्ह बंद व्हायचा राहिला, असे होता कामा नये. आणि तो यांत्रिक थर्मोस्टॅट ज्याने बसवला, त्याला मनोमन नमस्कार करा. आपत्कालीन बंदचे बटण, अतितापाचे संरक्षण, अतिदाबाचा व्हॉल्व्ह या गोष्टी सॉफ्टवेअरच्या वाटेलाच जाऊ नयेत. त्या तारेने, रिलेने किंवा स्प्रिंगने झाल्या पाहिजेत. त्याच्या आतल्या पायरीवर, कॉम्पॅक्ट रिओच्या एफपीजीएमध्ये एक वॉचडॉग ठेवा. रिअल टाइमच्या लूपने दर १०० मिलिसेकंदांनी एक खूण बदलायची. ५०० मिलिसेकंद ती बदलली नाही, तर एफपीजीएने कोणालाही न विचारता सगळी आउटपुट सुरक्षित स्थितीत न्यायची. वरचा प्रोसेसर गोठला तरी एफपीजीएतील तर्क चालूच राहतो, आणि हीच त्याची किंमत आहे. विंडोज या साखळीत कुठेही नसावे.

महापे_टेस्टर:

वर वागळेकर म्हणाले की जे चालते आहे ते मोडू नका. तत्त्वतः मान्य आहे. परंतु रबाळेकरांच्या पहिल्या संदेशातील दोन आकडे कोणी जोडून पाहिलेले दिसत नाहीत: आजवर १००० तास, यापुढे २००० तास. हजार तास म्हणजे ४१ दिवस आणि १६ तास. आमच्या प्रयोगशाळेत काय झाले ते सांगतो.

बॅटरीच्या चार्ज-डिस्चार्जची एक दीर्घ चाचणी आम्ही गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, संगणक नव्याने चालू करून सुरू केली. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेला दोन दिवस असताना, भर दुपारी बाराच्या सुमारास ती ‘संपर्क तुटला’ असा संदेश देऊन थांबली. केबल ठीक, वीज ठीक, उपकरण ठीक. आठ दिवस आम्ही विजेच्या लाइनला दोष देत बसलो. मग एका कनिष्ठ सहकाऱ्याने दिवस मोजले: ४९ दिवस आणि १७ तास.

लॅबव्ह्यूमधील मिलिसेकंदांचा टिक काउंट (सतत वाढत जाणारी मोजणी) ३२ बिटांचा, चिन्हविरहित (ऋण आकडे नसलेला) असतो. त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद मावतात आणि मग तो शून्यावर येतो. हा काळ साधारण ४९.७ दिवसांचा. विंडोज ९५ देखील याच आकड्यावर अडखळत असे. आमच्या कोडमध्ये ‘सुरुवातीच्या टिकमध्ये ५००० मिळवा, आणि आत्ताचा टिक त्याहून मोठा झाला की टाइमआउट’ अशी तुलना होती. काउंटर फिरण्याच्या किंचित आधी सुरुवातीचा टिक प्रचंड मोठा असतो. त्यात ५००० मिळवले की बेरीज ओसंडून लहानसा आकडा उरतो, आणि आत्ताचा टिक त्याहून मोठा ठरून टाइमआउट तत्काळ लागतो. तीच तुलना ‘आत्ताचा टिक वजा सुरुवातीचा टिक, आणि हा फरक ५००० पेक्षा मोठा आहे का’ अशी लिहिली तर ३२ बिटांची चिन्हविरहित वजाबाकी काउंटर फिरल्यावरही बरोबर उत्तर देते. एका नोडची जागा बदलायची, एवढाच फरक.

त्यामुळे १००० तासांच्या चाचण्या कितीही वेळा यशस्वी झाल्या असल्या, तरी त्यातून २००० तासांविषयी काहीही सिद्ध होत नाही. एरियन ५ च्या पहिल्या उड्डाणात, ४ जून १९९६ रोजी, जो कोड कोसळला तो एरियन ४ वर वर्षानुवर्षे निर्दोष चालला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही. याच निमित्ताने डायग्रामवरच्या बारीक लाल कोअर्शन ठिपक्यांकडेही पाहा. आकड्याचा प्रकार आपोआप बदलला गेला आहे असे ते सांगत असतात आणि आपण त्यांना वायरीवरची धूळ समजतो. मोठ्या पूर्णांकाचे लहान पूर्णांकात रूपांतर करताना लॅबव्ह्यू तक्रार करत नाही. वरचे बिट गळून जातात.

रबाळे_लोकल:

आत्ताच शोधले. आपण वर्णन केलेली तुलना आमच्या कोडमध्ये ११ ठिकाणी आहे. ऑपरेटरला विचारले, तर प्रत्येक चाचणीआधी संगणक बंद करून चालू करण्याची इथे प्रथाच आहे, ‘मशीन ताजे राहते’ म्हणून. त्यामुळे काउंटर कधी ४२ दिवसांपुढे गेलाच नाही.

आणखी एक शोध लागला. कंपनाच्या सिग्नलचा एक फिल्टर आहे, जो सहाही पंपांसाठी वापरला जातो. त्याची मागची स्थिती शिफ्ट रजिस्टरमध्ये (मागची किंमत धरून ठेवणाऱ्या जागेत) राहते, पण व्हीआय रीएंट्रंट (प्रत्येक वापराला वेगळी प्रत देणारा) केलेला नाही. म्हणजे तिसऱ्या पंपाच्या कंपनाचा इतिहास चौथ्याच्या गणितात मिसळतो आहे. ते ‘फिल्टर रीसेट’ बटण कशासाठी होते, हे आता कळले.

वागळे_इस्टेट:

रीएंट्रंट करताना ‘प्रीअलोकेटेड क्लोन’ हाच पर्याय निवडा, म्हणजे प्रत्येक कॉलच्या जागेला स्वतःची स्मृती मिळेल. ‘शेअर्ड क्लोन’ निवडलात तर कोणती प्रत कोणाच्या वाट्याला येईल याचा भरवसा नसतो, आणि हा दोष आणखी लपून बसेल. मात्र सहाही पंप एकाच फॉर लूपमधून जात असतील तर कॉलची जागा एकच ठरते. तेव्हा स्थिती बाहेर काढून प्रत्येक पंपाच्या क्लस्टरमध्ये (एकत्र बांधलेल्या मूल्यांत), वायरीवरून न्यावी लागेल. मला विचाराल तर कसेही असले तरी तसेच करा.

महापे_टेस्टर:

तुमचा तिसरा प्रश्न, ग्राहकाला कशाच्या आधारावर सांगावे, याचे उत्तर चाचणीत आहे, आणि चाचणी तेव्हाच करता येते जेव्हा खऱ्या रिगवाचून कोड चालू शकतो. हार्डवेअरशी बोलणारे सगळे व्हीआय एका क्लासच्या (सामाईक साच्याच्या) मागे घ्या. लॅबव्ह्यूमध्ये ही सोय २००६ पासून आहे. मग त्याची दोन अपत्ये करा: एक खऱ्या कॉम्पॅक्ट रिओशी बोलणारे आणि दुसरे नकली. नकली अपत्याला जुन्या चाचण्यांच्या नोंदी वाचायला द्या. हजार तासांचा डेटा तुमच्याकडे आहेच. तो वेगाने आत सोडा आणि नवा कोड जुनेच अलार्म त्याच क्षणी देतो का, हे पाहा. टिक काउंटही अशाच एका सबव्हीआयमागे लपवा, म्हणजे काउंटर फिरण्याच्या दोन सेकंद आधीपासून चाचणी सुरू करता येईल, पन्नास दिवस वाट पाहावी लागणार नाही. सैल केबल, अडकलेला व्हॉल्व्ह, भरलेली डिस्क ही सगळी सोंगे नकली हार्डवेअरला करायला लावा.

युनिट टेस्टसाठी (एकेका भागाच्या वेगळ्या चाचणीसाठी) काराया किंवा व्हीआय टेस्टर ही साधने चांगली आहेत. सगळ्या १५०० व्हीआयसाठी टेस्ट लिहिण्याच्या फंदात पडू नका. अलार्म, मर्यादा, एककांचे रूपांतर आणि बंद करण्याचा क्रम, एवढ्यापासून सुरुवात करा.

पायथनवाला:

नकली हार्डवेअरची कल्पना मला मनापासून आवडली. एक विचारतो: हे सगळे करायचेच आहे, तर थेट अॅक्टर फ्रेमवर्कवर (स्वतंत्र भाग एकमेकांशी संदेशांनी बोलतात अशा तयार साच्यावर) का जाऊ नये?

वागळे_इस्टेट:

अॅक्टर फ्रेमवर्क लॅबव्ह्यू २०१२ पासून सोबतच येते आणि ते भक्कम आहे. पण ते शिकलेली माणसे संघात नसतील, तर पुढच्या वारसदारासाठी आपण नवे कोडे ठेवून जातो. प्रत्येक संदेशासाठी एक क्लास होतो, आणि तो संदेश कोण पाठवतो हे डायग्राम पाहून कळत नाही. माझी मूळ तक्रार नेमकी तीच होती. तीन माणसांच्या संघासाठी मी साधे क्यूड मेसेज हँडलर (रांगेतून एकेक संदेश घेऊन काम करणारे लूप) सुचवीन, फार तर त्याच धर्तीचे डीक्यूएमएच, कारण त्यात प्रत्येक मॉड्यूल एकटे चालवून पाहता येते. क्यू नावाने मिळवू नका. सुरुवातीला एकदा बनवा आणि वायरीने हवी तिथे न्या. नावाची क्यू म्हणजे पुन्हा ग्लोबलच. शिवाय क्यू ज्या मुख्य व्हीआयच्या ओघात बनली तो थांबला की तिचा रेफरन्स आपोआप मोडीत निघतो, आणि बाकीची मॉड्यूल्स न समजणाऱ्या चुका दाखवू लागतात.

प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्र एलव्हीलिबमध्ये (लॅबव्ह्यूच्या लायब्ररी फाइलीत) ठेवा. एकाच नावाचे दोन व्हीआय एका वेळी स्मृतीत राहू शकत नाहीत. तुमच्या तीन फोल्डरांपैकी चुकीच्या फोल्डरमधला ‘रीड’ उचलला जाण्याचा धोका लायब्ररीच्या नावामुळे टळतो.

रबाळे_लोकल:

चार महिन्यांनी परत आलो आहे. पुन्हा पहिल्यापासून लिहिले नाही. ग्लोबल्स १४० वरून १९ वर आले आहेत, आणि उरलेल्या सगळ्यांमध्ये एकच व्हीआय लिहितो. २३ चौकटींची ती सीक्वेन्स मोडून तिचे स्टेट मशीन (अवस्थांनुसार चालणारी रचना) केले, त्यात मात्र सहा आठवडे गेले. एका चौकटीत लपलेला ४०० मिलिसेकंदांचा थांबा मी अनावश्यक समजून काढणार होतो, तेवढ्यात वागळेकरांचे पहिले वाक्य आठवले. तो थांबा अजून आहे, आणि आता त्याच्या शेजारी कारण विचारणारी एक टीपही आहे, कारण नेमके कारण मलाही अद्याप सापडलेले नाही. अॅनालायझर प्रत्येक बिल्डला चालतो. बंद करणाऱ्या व्हीआयच्या आयकॉनवर लाल पट्टा आला. फिल्टरची स्थिती वायरीवर आली आणि ते बटण पडद्यावरून काढले. वॉचडॉग बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने दोनदा रिग थांबवली. दोन्ही वेळा चूक आमचीच होती, रिअल टाइमच्या लूपमध्ये कोणीतरी फाइल लिहीत होते.

२००० तासांची चाचणी सुरू आहे. संगणक चालू होऊन परवा ४९ दिवस आणि १७ तास झाले. नकली हार्डवेअरवर हा क्षण आम्ही शेकडो वेळा ओलांडून पाहिला होता, तरीही मी जेवण सोडून रिगसमोर जाऊन उभा राहिलो. काउंटर शून्यावर आला, सहाही पंप चालत राहिले, आणि ऑपरेटरने मला विचारले की आज काही विशेष आहे का.